दादाच्या कार्डापुरती वीज

आमच्या घराची मागची भिंत आमची एकट्यांची नव्हती. तिच्या पलीकडे लूमचं खातं, म्हणजे कापड विणायच्या मागांचा कारखाना, होता आणि त्याची खटाखट आमच्या घरात सगळ्या वस्तूंत मुरलेली होती. मांडणीवरचे पेले एकमेकांना टेकले की बारीक वाजायचे, म्हणून मम्मी त्यांच्यामध्ये साड्यांच्या खोक्यातल्या पुठ्ठ्याचे तुकडे घालायची. पाहुणे आले की पहिल्या दिवशी डोकं धरून बसायचे आणि तिसऱ्या दिवशी विसरून जायचे. आम्हाला उलट खातं बंद असलं की चुकल्यासारखं व्हायचं. सुट्टीच्या दिवशी सकाळी एकदम सगळं शांत असायचं, शेजारच्या घरातल्या कुकरची शिट्टीही आपल्याच घरात झाल्यासारखी वाटायची. मग पाळी सुरू झाली की आमची ट्यूबलाइट दोनदा मिचमिचायची, पंखा जरा मंदावायचा, आणि पप्पा वर न बघता म्हणायचे, "लाग्यात कामले." म्हणजे लागले कामाला. लूम लागले, कारागीर लागले, आमचं अख्खं उधना लागलं.

आता मी जिथे राहते तिथे असला काही आवाज नाही. खिडक्या बंद केल्या की स्वतःचा श्वास ऐकू येतो. कधी कधी काम करताना कॉम्प्युटरच्या आतल्या पंख्याची हलकी घरघर येते, तेवढीच. त्या घरघरीबद्दलच मला लिहायचं आहे.

माझी शाळा इंग्रजी होती, गल्ली गुजराती-हिंदी आणि घर अहिराणी. पुस्तकातली मराठी मी बरीच नंतर, हट्टाने शिकले. त्यामुळे लहानपणी मला चारही भाषांत थोडं थोडं बोलता यायचं आणि कुठेच पुरेसं नाही. मी गप्प राहायचे. लोकांना वाटायचं, इंग्रजी शाळेत जाते म्हणून नाक वर आहे. नाक वर नव्हतं. एखाद्या वाक्याची सुरुवात कुठल्या भाषेत करावी हे ठरवेपर्यंत समोरचा माणूस पुढे निघून गेलेला असायचा. एकट्या दादाशी बोलताना असं व्हायचं नाही. दादाशी मी सगळ्या भाषांची भेळ करून बोलायचे आणि तो त्यातलं शेंगदाण्यासारखं नेमकं तेवढं उचलायचा.

दादा हजीऱ्याला एका गॅस प्लांटमध्ये कंत्राटी कामावर होता. आठवडाभर कंपनीच्या बसने जायचा-यायचा आणि रविवारी लोचोचा, म्हणजे मऊ मोकळ्या ढोकळ्याचा, पुडा घेऊन आला की तो पुडा संपेपर्यंत कोणाशी बोलायचा नाही. मग ओट्यावर गोणपाट पसरून लोकांचे बंद पडलेले कॉम्प्युटर उघडायचा. त्याला कोणी शिकवलं नव्हतं. बंद झालेल्या एका सायबर कॅफेतून त्याने एक जुना डबा उचलून आणला होता, त्याच्यावरच तो शिकला आणि त्याच्यावरच मला शिकवलं. मला आठवतंय, त्याने आतून एक पत्र्याची पेटी सोडवून काढली, तिच्यातून रंगीबेरंगी वायरींचा झुबका लोंबत होता. ती पेटी त्याने जोरात फुंकली. धुळीचा लोट उठला, मम्मीने आतून शिव्या घातल्या, कारण ती दाराशी बसून साडीवर खडे चिकटवत होती आणि चिकटवलेल्या खड्यावर धूळ बसली की तो खडा गेला.

"हे काय आहे सांग," दादा म्हणाला.

"डबा."

"एसएमपीएस. पॉवर सप्लाय. भिंतीतली वीज हा घेतो, बारीक करतो आणि आतल्या सगळ्यांना वाढतो. लोक प्रोसेसर विचारतात, रॅम विचारतात, ह्याला कोणी विचारत नाही. जसं घरात मम्मी जेवली का कोणी विचारत नाही तसं."

"ऐकी ऱ्हायनू मी," मम्मी आतून म्हणाली.

मग त्याने मम्मीच्या केसांतली आकड्याची पिन मागितली. तिने न विचारता काढून दिली. दादाने ती पिन हिरव्या आणि काळ्या वायरीच्या तोंडात खोचली, मला लांब बस म्हणाला आणि बटण दाबलं. कॉम्प्युटर नव्हता, स्क्रीन नव्हता, काही नव्हतं. नुसती ती पेटी ओट्यावर पडलेली आणि तिचा पंखा फिरायला लागला. घर्रर्र. मी इतक्या जवळून कधी काही जिवंत होताना पाहिलं नव्हतं. दादाने माझा हात धरून पंख्यासमोर नेला. कोमट हवा लागली. "जिवंत आहे," तो म्हणाला. ती पिन मम्मीने परत डोक्यात खोचली आणि आम्ही तिला दिवसभर हसलो.

पुढे त्याला ओमानची नोकरी लागली. प्लांटवरच्याच एका साहेबाने नाव सुचवलं होतं. पप्पांना आनंद झाला तो त्यांनी ते कामाला होते त्या पलसाण्याच्या मिलमध्ये सगळ्यांना सांगून दाखवला. घरात मात्र गप्प बसून राहिले. मम्मीने त्याच्या बॅगेत बिबडे भरले, कुरडया भरल्या, ठेच्याची बाटली तीन पिशव्यांत गुंडाळून भरली. दादा म्हणत होता, मम्मी, तिथे सगळं मिळतं. मम्मी म्हणत होती, "मिळस तर मिळू दे," आणि भरत होती. निघताना तो मला म्हणाला, "गुड्डे, तुझं कॉम्प्युटरचं मशीन मी बांधून देणार. कोणाला हात लावू देऊ नको."

तेव्हा मी टेक्स्टाइल डिझाइनच्या कॉलेजात नुकती गेले होते. कॉलेजच्या लॅबमध्ये मशीन मिळायला रांग असायची आणि रांगेत मी नेहमी मागे राहायचे, कारण माझी वेळ झाली हे मला सांगता येत नसे. ज्या मुलींच्या घरी चांगलं मशीन होतं त्या प्रिंटचा रिपीट, म्हणजे पुन्हा पुन्हा जोडत जाणारा नमुना, बनवून तो थेट साडी नेसलेल्या बाईवर, सावली-चुण्यांसकट, चढवून दाखवायच्या. मी सपाट कागद दाखवायचे. सर म्हणायचे, छान आहे, पण पडल्यावर कसं दिसेल? पडल्यावर म्हणजे अंगावर पडल्यावर. ते दिसण्यासाठी ग्राफिक्स कार्ड लागायचं, चांगलं.

ओमानमध्ये शुक्रवारी सुट्टी. शुक्रवारी दुपारी, मम्मी भांडी घासून खड्यांचा ट्रे घेऊन बसली की दादाचा फोन यायचा. तो आधी मम्मीशी बोलायचा, जेवणाचं. मग फोन माझ्याकडे यायचा आणि आमचं मशीन सुरू व्हायचं. एकेक भाग तो सांगायचा, मी शोधायचे, तो नाही म्हणायचा, मी दुसरा शोधायचे. मी शिकवण्या घेत होते, त्यातून एकेक खोकं घरी येत गेलं आणि दिवाणाखाली, साड्यांच्या गठ्ठ्यांशेजारी जाऊन बसलं. मदरबोर्ड आला तेव्हा मम्मीने तो पिशवीतून अर्धा बाहेर काढून उजेडात धरला. किती तरी वेळ बघत राहिली. "केवढं बारीक काम शे," म्हणाली. "कोणी करं व्हई? बायाच करत व्हतीन." तिला कारखान्यातल्या यंत्राबद्दल सांगावं असं मला वाटलं नाही.

सगळं आलं, फक्त तीन गोष्टी राहिल्या. सगळं बसवायचा डबा म्हणजे कॅबिनेट, कार्ड आणि पॉवर सप्लाय. कार्ड दादा तिकडून आणणार होता. कानबाईला त्याला सुट्टी मिळणार होती. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते, आणि खानदेशातला माणूस कुठेही असला तरी तेव्हा घरी येतो, निदान यायला धडपडतो. पॉवर सप्लायचं गणित दादाने मला असंच फोनवर घातलं होतं.

"प्रोसेसर किती खातो?"

"पासष्ट वॅट लिहिलंय."

"लिहिलंय तेवढ्यात तो थांबत नाही. जोर आला की शंभराच्या वर खातो. बोर्ड, रॅम, पंखे, डिस्क, हे गरीब लोक. सगळे मिळून पन्नास-साठ. आता कार्ड. मी जे आणतोय ते एकटं सव्वादोनशे खातं. पाहुण्यासारखं आहे, बसलं की आधी त्याला वाढायचं. आणि एकदम हात मारतं, क्षणभर दुप्पट उचलतं. तेव्हा सप्लाय कमी पडला की मशीन तिथल्या तिथे बंद. म्हणून बेरीज आली की तिच्यावर भरपूर जागा ठेवायची. आपल्याकडे तर लूम चालू झाले की तुझी ट्यूबलाइट मिचमिचते. किती घेशील?"

"साडेपाचशे?"

"साडेसहाशे. आणि चांगल्या कंपनीचा. ह्यात कंजुषी नाही."

"आणि कार्ड नसेल तर?"

"तर साडेचारशेसुद्धा लोळत पडेल," तो हसला. "पण कार्ड आहे ना. मी आणतोय ना."

म्हणजे साडेचारशे आणि साडेसहाशे यांच्यामध्ये जे होतं तो दादा होता. मी हे तेव्हा असं म्हणाले नसते. पण मला माहीत होतं.

कॅबिनेट घ्यायला मी एकटी गेले. कॉम्प्युटरच्या बाजारात हितेशभाई म्हणून एक दुकानदार होते, दादा त्यांच्याकडूनच सामान घ्यायचा. दुकानात माझ्याशिवाय बाई नव्हती. मी काचेच्या दाराचं कॅबिनेट बोटाने दाखवलं. त्यांनी ते उतरवलं आणि आतून एक छोटं खोकं काढून वर ठेवलं. "बेन, पावर सप्लाय साथे फ्रीमां आवे छे." आमच्या बाजारात अशीच रीत होती. कॅबिनेटबरोबर सप्लाय फुकट, जशी साडीबरोबर ब्लाउजपीस. बहुतेक लोकांना वाटतं तो त्या डब्याचाच भाग आहे. मी खोकं उचललं. ते इतकं हलकं होतं की क्षणभर आत काही नाहीच असं वाटलं. त्याच्यावर मोठ्या आकड्यांत साडेचारशे छापलं होतं. दादाने सांगितलं होतं, ह्या फुकटवाल्यांवरचा आकडा म्हणजे नुसती छपाई, ह्याच्या निम्म्यालाही ते तापतात. मला म्हणायचं होतं, हा नको, मला वेगळा हवा आहे, नंतर. वाक्य गुजरातीत जुळवत होते तोवर त्यांनी सगळं दोरीने बांधून माझ्या हातात दिलं.

घरी ते हलकं खोकं पाहून पप्पा खूश झाले. "हाई शे ना मग? लाव अन चालू कर."

मी सांगितलं, हा नाही चालायचा, मोठा घ्यायचा आहे.

"मोठं लिसन काय करशी? मीटर पयी ना." मोठा घेतला तर विजेचं मीटर पळेल, हा पप्पांचा मुद्दा.

मी म्हणाले, तसं नसतं पप्पा. तो साडेसहाशेचा असला तरी मशीनला लागेल तेवढीच वीज घेतो. त्याला तेवढी देता येते, एवढंच.

"आमनी मिलमां मोठी मोटर लाई तवय बिल वाढनं का नही वाढनं?"

"ती मोटर आहे पप्पा."

"मंग हाई काय शे?"

मी पुन्हा सांगू लागले. पप्पांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि मम्मीला म्हणाले, "भूषण उना का त्याले इचारू." दादा आला की त्यालाच विचारू. आमच्या घरात बरेचसे प्रश्न तेव्हा त्या वाक्यापाशी येऊन थांबायचे. पंख्याचा रेग्युलेटर, गावाकडच्या जमिनीची वाटणी, माझं कॉलेज संपल्यावर काय. भूषण आला की.

कानबाई दोन दिवसांवर आली. मम्मीने भिंतींचे कोपरे झाडले, चौरंग धुऊन वाळवला, दारावरचं तोरण बदललं. कॉलेजचं नवं सत्र कानबाईनंतर लगेच सुरू होणार होतं आणि पहिलंच काम साडीचं पूर्ण कलेक्शन, अंगावर पडलेलं दाखवायचं. मी दिवाणाखालची खोकी दोनदा बाहेर काढून परत आत ठेवली. शुक्रवारी दादाचा फोन आला तेव्हा मम्मी पिठाच्या गिरणीत गेली होती. पप्पा मिलमध्ये. मागे लूम चालू होते आणि मी एक कान हाताने दाबून धरला होता.

तो इकडचं तिकडचं बोलला. गरमी फार आहे म्हणाला. नवीन साहेब आलाय म्हणाला. मी विचारलं, विमान किती वाजता पोचतं, तिथून पुढे ट्रेनने आलास की स्टेशनवर घ्यायला येऊ का. तो म्हणाला, "सप्लाय घेतला का तू?"

"नाही. मोठा घ्यायचाय ना. तू आल्यावर जाऊ."

"गुड्डे," तो म्हणाला, आणि मग तो एकदम अहिराणीत बोलायला लागला. आम्ही दोघं आपसांत कधी नुसती अहिराणी बोलत नसू, ती मोठ्यांची भाषा होती. "साडेचारशेनं ली ले. चांगलं ली ले, फुकटनं नको. पण साडेचारशेनं. पुरी जाई तुले."

पुरेल तुला.

मागे लूम चालू होते.

"कार्डनं नंतर पाहूत," तो म्हणाला. "मम्मीले मी सांगस. तू नको सांगू."

बरं म्हणाले. आणखी काय म्हणणार? सुट्टी का नाही मिळाली, करार वाढवला की काय, किती वर्षं, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आकड्यात सगळं आलं होतं. साडेसहाशेतून साडेचारशे गेले की जेवढं उरतं तेवढं आमच्या घरातून कमी झालं होतं आणि ते मला एकटीला माहीत होतं.

त्याने मम्मीला फोन केला नाही. ना त्या संध्याकाळी, ना दुसऱ्या दिवशी सकाळी.

शनिवारी मम्मी रोटांचे गहू घ्यायला बसली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कानबाईच्या रोटांना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. त्याचंच पीठ, तेवढंच पीठ, त्याच्याच पुरणाच्या पोळ्या, तेच रोट. तो रोट भाऊबंदांतच खायचा, बाहेर द्यायचा नाही, आणि टाकायचा तर नाहीच. आमच्याकडे मूठ फक्त पुरुषांच्या नावाची. माझ्या नावाची नाही, मम्मीच्या नावाचीही नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. आमच्या घरात मी बऱ्याच गोष्टी विचारल्या नाहीत. पण ती पूर्ण मुठीनंतरची पाव मूठ मला लहानपणापासून आवडायची. मम्मी मूठ भरून सुपात टाकायची आणि मग परत हात घालून, बोटांच्या टोकांनी, जरासे गहू उचलून त्यावर सोडायची. मोजून झाल्यावरचं वरचं. कोणी आलं, कोणाला जास्त भूक लागली, तर म्हणून.

तिने पप्पांच्या नावाची मूठ घेतली. वर पाव घेतली. मग परत डब्यात हात घातला. "भूषण," म्हणाली आणि मूठ भरली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मम्मी, तो..."

"माले माहीत शे," मम्मी म्हणाली. मूठ तशीच हवेत होती. "कालपासून तू कार्डनं नाव नही लिधं."

मला वाटलं ती रडेल. तिने मूठ सुपात रिकामी केली, मग बोटांनी वरची पाव उचलली, ती मला नेहमीपेक्षा जरा जास्त वाटली, आणि ती त्या गव्हांवर सोडली. "तो नही उना तरी त्याना रोट पडसच," म्हणाली. "घरना माणूस शे तो." मग सूप माझ्याकडे सरकवलं. "खडे पाय." म्हणजे गव्हातले खडे बघ. दिवसभर साड्यांवर खडे लावणारी माझी आई आणि मी, आम्ही दोघी तिथे बसून गव्हातले खडे वेचत राहिलो. मागे खात्यात पाळी बदलली. ट्यूबलाइट मिचमिचली. दोघींपैकी कोणी वर पाहिलं नाही.

रविवारी कानबाई बसली. काका-काकू आले, गल्लीतल्या बाया आल्या, गाणी झाली. काकूने विचारलं, "भूषण नही उना?" मम्मी म्हणाली, "त्याले सुट्टी नही दिधी," आणि कटाच्या आमटीत डाव फिरवत राहिली, जणू ही गोष्ट तिला महिनाभर माहीत होती. जेवायच्या वेळी दादाच्या नावाचा रोट तिने वेगळा काढून माझ्या ताटात ठेवला, त्याच्यावर तूप सोडलं. "त्याना तू खाई ले." एवढी मोठी पोळी मला कधी संपत नसे. त्या दिवशी मी ती संपवली. टाकता येत नाही म्हणून नव्हे.

सोमवारी सकाळी वाजतगाजत कानबाईला तापीवर नेऊन आणलं. ओल्या पायांनी घरी आल्यावर मी ते फुकटचं हलकं खोकं पिशवीत घातलं आणि मम्मीला म्हणाले, बाजारात जाऊन येते. तिने विचारलं नाही कशाला.

हितेशभाई जेवणाचा डबा उघडत होते. "बोलो बेन."

रस्ताभर मी वाक्य पाठ करत आले होते. पिशवीतलं खोकं काउंटरवर ठेवलं. "आ नथी जोईतो. मने साडा छसोवाळो आपो. सारो." हा नको, चांगला साडेसहाशेवाला द्या.

त्यांनी डबा बाजूला केला आणि माझं मशीन काय आहे ते विचारलं. मी प्रोसेसर सांगितला, बोर्ड सांगितला. त्यांनी मनात बेरीज केली. ते चांगले दुकानदार होते, मला जास्तीचं विकायची त्यांना घाई नव्हती. "कार्ड क्यां छे? कार्ड वगर आटलो मोटो शुं करशो? अडधो तो सूतो रहेशे." कार्डाशिवाय निम्मा नुसता झोपून राहील.

"आवशे," मी म्हणाले. येईल.

"क्यारे?"

म्हणजे कधी. "आवशे," मी परत म्हणाले. माझा आवाज मलाच जरा मोठा वाटला, कारण शेजारचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. हितेशभाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग शिडी लावून सगळ्यात वरच्या फळीवरून खोकं काढलं. मी ते दोन्ही हातांनी धरलं. चांगलं जड होतं. भरलेल्या डब्यासारखं.

मशीन मीच बांधलं. दादा म्हणाला होता कोणाला हात लावू देऊ नको. मी लावू दिला नाही. सप्लायमधून कार्डासाठी म्हणून दोन वायरी वेगळ्या निघत होत्या, त्यांना जोडायला काही नव्हतं. मी त्या गुंडाळून मम्मीच्या साडीच्या लेसच्या तुकड्याने बांधल्या आणि कॅबिनेटच्या तळाशी ठेवून दिल्या. मम्मीने कुंकवाची वाटी आणली आणि नेमकं पंख्याच्या जाळीवरच बोट टेकवायला गेली. मी म्हणाले, तिथे नको, आत ओढलं जाईल. मग तिने काचेवर स्वस्तिक काढलं. पप्पा मीटरपाशी जाऊन उभे राहिले. मी बटण दाबलं. घर्रर्र झालं, आणि मग इतकं हळू झालं की लूमच्या आवाजात ऐकूच येईना. मला हात लावून बघावा लागला.

"पयी ऱ्हायनं का?" मम्मीने ओरडून विचारलं.

"नही," पप्पा बाहेरून म्हणाले, थोडे निराश होऊन.

त्या सत्रात मी साडी अंगावर पडलेली दाखवू शकले नाही. कार्डाशिवाय एकेक चित्र तयार व्हायला एवढा वेळ लागायचा की मध्ये मम्मीचा स्वयंपाक होऊन जायचा. मी सपाट कागदच दाखवले, पण त्यांच्याबद्दल चार वाक्यं बोलले. सरांना नवल वाटलं. तेवढं जमलं.

दादा त्याचा करार संपल्यावर हिवाळ्यात आला. सर्वांसाठी काही ना काही आणलं होतं. मम्मीला ब्लँकेट, पप्पांना अत्तर, खजुराचे डबे. कार्ड नव्हतं. त्याचे हात खरखरीत झाले होते, मनगटावर भाजल्याचा डाग होता. शेवभाजी आणि कळण्याची भाकरी खाऊन तो दुपारी माझ्या मशीनसमोर येऊन बसला, अंगठ्यानेच स्क्रू सैल केले आणि काच काढली. आत वाकून बघत राहिला. मी त्याच्या मागे उभी होते. त्याने सप्लायवरचा आकडा वाचला.

"हे साडेसहाशे आहे."

"हो."

"मी साडेचारशे सांगितलं होतं."

"लूम चालू होते," मी म्हणाले. "नीट ऐकू आलं नाही."

तो हसला नाही. हात आत घालून त्याने तळाशी पडलेली ती गुंडाळी बाहेर घेतली. लेसची गाठ माझी होती, ढिली. ती त्याने सोडली, दोन्ही वायरी वेगळ्या केल्या, सरळ केल्या, धूळ पुसली. एक तशीच मोकळी ठेवली. दुसरी बोटांवर व्यवस्थित गुंडाळली आणि त्याच लेसने बांधली, दोनदा, पक्की. "कार्डाला एक पुरते," म्हणाला. "लागलं तर ही." मग काच लावली आणि ओट्यावर जाऊन बसला. पुढच्या आठवड्यात तो नव्या करारावर परत गेला.

आता तो तिकडचाच झाला आहे. बायको तिथे शिकवते, मुलगा तिथल्या शाळेत जातो. येतात, पण श्रावणात कधी जमत नाही. मम्मी दर वर्षी त्याच्या नावाची सव्वा मूठ घेते, आता नातवाचीही घेते, आणि ते रोट खायचे माझ्याकडे असतात. पप्पा रिटायर झाले. लूमचं खातं पलसाण्याकडे कुठे तरी हललं; मम्मीने पेल्यांमधले पुठ्ठे मात्र काढलेले नाहीत. मी प्रिंटची डिझाइनं करते, माझ्या साड्या अंगावर पडलेल्या दिसतात. कार्ड मी माझ्या पगारातून घेतलं. बोर्ड बदलला, प्रोसेसर बदलला, कॅबिनेटही बदललं. सप्लाय तोच आहे, कधी कमी पडला नाही. कार्ड त्या मोकळ्या ठेवलेल्या वायरीवर चालतं.

दुसरी तशीच आहे. साफसफाईला काच काढते तेव्हा ती गुंडाळी मी उचलते, खालची धूळ पुसते आणि परत जागेवर ठेवते. लेस पिवळी पडली आहे. गाठ सोडलेली नाही.